गोळ्या वाटून भागणार नाही : वैद्यकीय विद्यार्थ्यांची मंडळे आणि आपल्या फडातल्या कोप्या



गळीत हंगाम तोंडावर आला की या पत्रिकेत ऊस नोंदी, तोडणी-वाहतुकीचे करार, बियाणे, खते आणि पहिली उचल यांनाच जागा पुरत नाही. तशी ती पुरू नये हेही बरोबरच. या अंकात मात्र दोन पाने आम्ही मुद्दाम वेगळ्या विषयाला दिली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली आपापली मंडळे करून खेड्यांत जातात, लोकांच्या आरोग्याचे काम करतात आणि प्रसंगी लोकांच्या वतीने सरकारदरबारी बोलतात. त्यांच्या त्या कामाचा हा विषय आहे. कोणी म्हणेल, "अहो, साखर कारखान्याला या डॉक्टरकीच्या पोरांचं काय करायचंय?" करायचंय, आणि ते अगदी आपल्या बांधावरचं आहे. पण आधी ही मंडळे आहेत तरी काय, ते पाहू.

शिबिर आणि शिबिर यांत फरक असतो

आरोग्य शिबिर आपल्याला नवे नाही. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, नारळ फुटतो, पाहुण्यांना हार पडतात. मग रांग लागते. रक्तदाब पाहतात, डोळे पाहतात, पिवळ्या-लाल गोळ्या पुडीत बांधून देतात. दुपारी जेवण होते आणि संध्याकाळी गाडी शहराकडे निघते. गोळ्या चार दिवसांत संपतात, आणि दुखणे? ते तिथेच राहते. अशा शिबिरांना आम्ही नावे ठेवत नाही. एखाद्याचा मोतीबिंदू वेळेवर कळतो, एखादीची साखर वाढलेली सापडते, तेवढे पुण्य खरेच. पण ज्याला ताप आला त्याला तो का आला, आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचे, हे एका दिवसात कोण विचारणार?

हे विचारायचे तर पुन्हा पुन्हा जावे लागते. विद्यार्थ्यांच्या चांगल्या मंडळांनी नेमके हेच केले.

सेवाग्रामचा पायंडा

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात काढलेले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून तिचे नाव देशभर झाले. तिथे प्रवेश घेतलेला मुलगा आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतो. झाडलोट, प्रार्थना, सूतकताई, सगळे स्वतः करतो. पुढे त्या वर्षाची सबंध तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि तिथे पंधरा दिवस मुक्काम ठोकते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरे सोपवलेली असतात. त्या घरांत माणसे किती, पाणी कुठले, लेकरांची वजने किती, टोचण्या झाल्या का, कोणाला खोकला आहे, कोणाचे रक्त कमी आहे, सगळे वहीत उतरते. शिबिर उठले म्हणून संबंध तुटत नाही. पुढची काही वर्षे तीच मुले त्याच घरांकडे ठराविक दिवशी जात राहतात.

याचा गुण काय? मुंबई-दिल्लीच्या सुखवस्तू घरातले पोर पहिल्या खेपेला आजीबाईला सांगते, "आजी, पालेभाजी खा, दूध घ्या." दुसऱ्या खेपेला त्याला दिसते की दूध डेअरीला जाते आणि पालेभाजी आठवडी बाजारापुरती असते. तिसऱ्या खेपेला ते उपदेश बंद करून विचारू लागते. विचारणारा डॉक्टर तिथे घडतो.

सेवाग्रामच्याच कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विम्याची योजना काढली, तीही सहकाराच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. सुगीच्या वेळी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यातून गावाचा आरोग्य निधी उभा करायचा आणि त्या बळावर रुग्णालयात उपचाराची सवलत मिळवायची. मात्र गावातली बहुसंख्य घरे सामील व्हायला हवीत. थोरल्याने जास्त द्यायचे, धाकट्याने कमी, औषध मात्र दोघांना सारखे. शेअर भांडवल गोळा करून कारखाना उभा करणाऱ्या आपल्या पिढीला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

मित्रमंडळ आणि त्याचे हिशेब

दुसरे उदाहरण 'मेडिको फ्रेंड सर्कल' या मंडळाचे. १९७४ साली, जयप्रकाशजींच्या आंदोलनाच्या वाऱ्यात, काही तरुण डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी एकत्र आले. शिकून शहरात पाटी लावायची की आणखी काही करायचे, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. १९७६ पासून त्यांनी एक साधी पत्रिका काढली. ती बहुतांशी वर्गणीवर आणि पदरमोडीवर चालली. अमुक औषध खरोखर लागते का, तमुक तपासणी कोणाच्या फायद्याची, खेड्यात डॉक्टर का टिकत नाही, असली अवघड चर्चा त्यात होई.

या मंडळाने मोजायला शिकवले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली. वाचलेल्यांना नेमके काय झाले आहे यावर घोळ चालला होता. मार्च १९८५ मध्ये या मंडळाचे लोक तिथे गेले. त्यांनी कारखान्याजवळची जयप्रकाश नगर वस्ती घेतली आणि सुमारे दहा किलोमीटरवरची अण्णा नगर वस्तीही घेतली. दोन्हीकडे घरोघर तेच प्रश्न विचारले, तीच तपासणी केली. आपण खताचा प्रयोग करताना शेजारी एक वाफा कोरा ठेवतो ना? तसेच हे. दोन वस्त्या शेजारी-शेजारी मांडल्या की 'हे तर गरिबीचे आजार आहेत' असे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत. धाप, डोळे यांबरोबर बायकांच्या पाळीच्या तक्रारीही त्यांनी नोंदवल्या. त्या तक्रारी एरवी कोणी विचारल्याच नसत्या.

मंडळाच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी एक डॉ. अभय बंग. रोजगार हमीवरच्या मजुराची मजुरी तेव्हा रोज ४ रुपये होती. वि. स. पागे यांच्या समितीने ती मजुराच्या पोटाला किती लागते याचा हिशेब मांडून ठरवली होती. बंगांनी तो हिशेब पुन्हा तपासला, त्यातल्या चुका दाखवल्या आणि मजुरी १२ रुपये हवी असे मांडले. डॉक्टराने मजुरीत का पडावे? कारण अर्धपोटी माणसाला टॉनिकची बाटली देणे म्हणजे बिनपाण्याच्या उसाला युरिया टाकणे. पुढे १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. २००६ पासून त्यांच्या 'निर्माण' या उपक्रमात वैद्यकीय विद्यार्थ्यांसह राज्यभरचे तरुण येतात, आणि त्यांतले काही डॉक्टर दुर्गम भागात जाऊन काम करतात.

आता तर ही गोष्ट अभ्यासक्रमातच आली आहे. २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशातल्या एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम ठेवला आहे. प्रत्येकाने काही कुटुंबे घेऊन शिक्षण चालू असेपर्यंत त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचे आहे. म्हणजे सेवाग्रामने पाडलेली पायवाट आता सरकारी सडक झाली. सडकेवरून कोणी पाट्या टाकत जाईल, कोणी मन लावून. ते त्या त्या मंडळावर आणि बोलावणाऱ्या गावावर अवलंबून.

आपल्याच पोत्यातली साखर

विद्यार्थी कोपीवर जाऊन काय शिकवू शकतो, याचा एक साधा नमुना सांगतो. लेकराला जुलाब लागले की आया पाणी बंद करतात. "पाणी दिलं की अजून होतंय," असं म्हणतात. खरे उलट आहे. जुलाबाने मरण येते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून ते पाणी पाजायला सुरुवात केली. नातेवाईकांच्या हातूनच पाजले. मरणाचे प्रमाण शंभरी तीस होते ते चारच्या खाली आले. आतड्यात साखर असली की तिच्याबरोबर मीठ ओढले जाते आणि मिठामागे पाणी. असे हे गणित आहे.

दवाखान्यातले पुडके मिळाले तर उत्तमच. नसेल तेव्हा घरी करायची रीत अशी : एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगेचा घ्यायचा नाही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजायचे, अंगावरचे दूध चालू ठेवायचे. लेकरू मलूल पडले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठायचा.

जामखेडला १९७० पासून काम करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी दाखवून दिले की असले ज्ञान अक्षर न येणाऱ्या बाईलाही उत्तम येते आणि ती ते गावभर नेते. ते जामखेड आपल्याकडे टोळ्या येतात त्याच पट्ट्यात आहे.

कोपीतल्या बाईचे दुखणे

आता मुद्द्यावर येतो. आपला ऊस कोण तोडते? बीड, नगर, जालना, परभणी अशा भागांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. आपणही 'उचल' म्हणतो आणि तेही 'उचल' म्हणतात. पण आपली उचल म्हणजे घातलेल्या उसाचे आलेले पैसे, आणि त्यांची उचल म्हणजे अंगावरचे कर्ज. ते फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. दुखणे काढायला एक दिवस बसले की खाडा पडतो, आणि कित्येक ठिकाणी खाड्याला दंड लागतो.

बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दूर. पाळीच्या दिवसांतही हेच. मग अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, लघवीची आग चालू होते. यातली बरीच दुखणी साध्या औषधाने बरी होणारी असतात. पण दवाखान्यात गेले की कोणीतरी कर्करोगाची भीती घालते. बाई विचार करते, दर महिन्याची कटकटही जाईल आणि खाडेही वाचतील. मग पिशवी काढली जाते, तीही तिशी-पस्तिशीत.

ही ऐकीव गोष्ट नाही. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांना विचारले, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक! दोन आकड्यांचा कालावधी एक नाही, हे खरे. पण एक आकडा दवाखान्यांच्या दप्तरातून आला आणि दुसरा बायकांना विचारून आला, हेही तितकेच खरे.

पिशवी काढली म्हणजे सुटलो, असे होत नाही. बीजकोशही काढले असतील तर कमी वयातच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या कंबरेच्या बळावर मोळी उचलायची ती कंबरच जाते, आणि उचल फेडायला कोयता तर चालवावाच लागतो.

हा प्रश्न वेशीवर टांगला तो स्त्रियांच्या संघटनांनी आणि पत्रकारांनी. विद्यार्थ्यांनी नव्हे, आणि आम्हा कारखानदारीतल्या लोकांनी तर नव्हेच. त्या बायका ज्या फडात राबत होत्या ते फड मात्र आपल्यासारख्या सभासदांचे होते.

मग आपण काय करायचे?

आमची सूचना अशी आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना कारखान्याने पत्र घालावे आणि विद्यार्थ्यांच्या मंडळाला, त्यांच्या प्राध्यापकांसह, टोळ्यांच्या तळावर बोलवावे. उद्घाटनापुरते नको, बॉयलर अग्निप्रदीपनापासून पट्टा पडेपर्यंत दर पंधरवड्याला बोलवावे. मात्र बोलावणाऱ्याने काही गोष्टी पाळल्या नाहीत तर तीही एक गोळ्या वाटण्याची जत्रा होईल. म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट, वेळ. सकाळी अकराला तळावर म्हातारी आणि लेकरेच भेटतात. मंडळाने संध्याकाळी, चुली पेटायच्या सुमाराला यावे. मुलींनी बायकांशी बोलावे. बोलणे चालू असताना मुकादम, चिटबॉय किंवा आपल्यापैकी कोणी कोपीच्या तोंडाशी उभे राहू नये. "वहिनी, कधीपासून दुखतंय?" या प्रश्नाला चार पुरुषांसमोर एकच उत्तर मिळते, "काही नाही, बरं हाय."

दुसरी गोष्ट, मर्यादा. विद्यार्थी म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याने विचारावे, मोजावे, लिहावे, समजावून सांगावे. औषध देणे आणि निदान करणे हे सोबतच्या डॉक्टरचे काम. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिला असेल तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय बाईने टेबलावर जाऊ नये, हे प्रत्येक कोपीत सांगावे.

तिसरी गोष्ट, कागद. टोळी आज या गटात, उद्या त्या गटात, आणि हंगाम संपला की गावी. इकडे सुरू केलेला उपचार तिकडे तुटतो. म्हणून प्रत्येक बाईच्या हाती तिचे स्वतःचे कार्ड द्यावे : काय तपासले, काय निघाले, कोणते औषध दिले. गरोदर बाईला आणि क्षयाच्या रुग्णाला तर याचा फार आधार. गावाकडच्या आशाताईंना ते कार्ड पाहून पुढचे काम करता येईल.

चौथी गोष्ट आपल्या खिशाची. विद्यार्थ्यांनी वहीत लिहिले की तळावर पाणी नाही, तर टँकर त्यांनी आणायचा नाही, आपण आणायचा. बायकांसाठी आडोशाची न्हाणी, संडास, उजेड हे कारखान्याने करावे आणि आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, असे मुकादमांच्या करारात घालावे. विचारायचे त्यांनी, करायचे आपण, अशी ही वाटणी आहे. आपला वाटा उचलायचा नसेल तर त्या पोरांना उगीच बोलवू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. हंगामाच्या शेवटी ही मुले जे मोजतील त्याचा अहवाल होईल. त्यात सगळेच गोड नसणार. अमुक गटात इतक्या बायकांचे रक्त कमी, इतक्यांच्या पिशव्या काढलेल्या, इतकी लेकरे बिनटोचणीची, असे त्यात येईल. नावे कोणाची येणार नाहीत, यायलाही नकोत. पण आकडे येतील. तो अहवाल कपाटात न ठेवता वार्षिक सर्वसाधारण सभेत, उताऱ्याच्या आणि गाळपाच्या आकड्यांबरोबर, वाचून दाखवावा. तेव्हा "ही कालची पोरं आम्हाला शिकवणार का?" असे म्हणून कोणी उठू नये, एवढी विनंती आम्ही आजच करून ठेवतो. उतारा पॉइंटाने घसरला तर आपण तासभर भांडतो. बाईच्या अंगातले रक्त घसरले त्यावर दहा मिनिटे बोलायला काय हरकत आहे?

काही सभासद म्हणतील, तोडणी कामगार मुकादमाचे, आपले नव्हेत. ते आज येतात, उद्या जातात. कागदावर तसे असेल. पण ऊस आपला आहे, फड आपला आहे, आणि वाढ्याचा भारा आपल्या गोठ्यात त्यांच्याच हातून पडतो. त्यांच्या टोळ्यांवर सरकारने काय करावे हे मागण्याचा आपल्याला हक्क आहेच. तो आपले वाफे निंदून झाल्यावर बजावावा.

ज्या सभासदांच्या मुली-मुले वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत असतील त्यांनी त्यांना हा अंक जरूर दाखवावा. बाकीच्यांनी आपल्या गटात टोळ्या कुठे उतरतात, तिथे पाणी किती लांब आहे, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, एवढी माहिती लिहून गट कार्यालयात द्यावी. बॉयलर पेटण्याआधी ती आमच्या हाती आली तर पत्राबरोबर जोडून पाठवता येईल.